समोरच्याची मान डोलेपर्यंत

देवास, रविवार, ९ नोव्हेंबर

फुफी, तू गेल्यापासून इतक्या वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागतो. डायरी मी रोज लिहितो, ती सवय तूच लावलीस. तिच्यात शाळा असते, मुलांच्या तब्येती असतात, नळाला पाणी कधी आलं ते असतं, तू नसतेस. आज दुपारी घर रिकामं आहे. बायको मुलांना घेऊन पीपलरावांला भाच्याच्या लग्नाला गेली आहे आणि मी शाळेचं काम सांगून मागे राहिलो. काम खरंच आहे. पण कागद घेतला तो तुझ्यासाठी, आणि मराठीत लिहिताना पहिल्याच ओळीला हात अडखळला. घरात आता मी मराठी बोलतो आणि मुलं हिंदीत उत्तर देतात. वाचायला दिलं तर दोन वाक्यं वाचून ‘अब्बा, आप ही सुना दो ना’ म्हणतात. तुझ्याशी मात्र मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललोच नाही. आपले पूर्वज साताऱ्याकडून पवारांच्या फौजेबरोबर तलवारींना धार लावत धारला आले, आणि ती भाषा तू घरातल्या भांड्यांसारखी रोज वापरून लखलखीत ठेवली होतीस.

उद्या मला एक निर्णय सांगायचा आहे. तो सांगण्याआधी तुझ्याशी बोलावंसं वाटलं, कारण जे वाचवायचं आहे ते तुझंच आहे.

मी इथं एका लहानशा शाळेत विज्ञान शिकवतो. शाळा आपल्याच लोकांची आहे, मोहल्ल्याची कमिटी चालवते, वरच्या मजल्यावर आठवीपर्यंतचे वर्ग आहेत. शेवटचा तास दीनियातचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा असतो, तोही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. त्या तासाला मी तुझी रीत चालवतो. मुलानं काही विचारलं, अमुक चालतं का, तमुक गुनाह आहे का, तर मी लगेच हो-नाही सांगत नाही. ज्याचं मत तुला पटत नाही त्याच्याकडे जा, त्याचं ऐक, आणि वर्गात येऊन ते असं सांग की तो स्वतः इथं बसला असता तर त्यानं मान डोलावली असती. त्यानंतर तुझं मत. मुलांनी या तासाला ‘मुंडी वाला पीरियड’ असं नाव ठेवलं आहे.

तुझं स्वयंपाकघर मला आज फार स्पष्ट दिसतं आहे. तू दिवसभर अमझेऱ्याच्या सरकारी शाळेत शिकवून चारच्या बसनं धारला परत यायचीस, तोंड धुऊन चुलीपुढे बसायचीस, आणि गल्लीतली आम्ही सात-आठ पोरं भिंतीला टेकून बसायचो. शबे बारात जवळ आली आहे. तू हरभऱ्याची डाळ शिजवून ती पाट्यावर वाटते आहेस, आपल्याकडे हलव्यात साखरेऐवजी गूळ जायचा, त्यामुळे सगळ्या घराला पुरणाचा वास येतो आहे. आणि कोणीतरी म्हणतं, की कोपऱ्यावरचे बेकरीवाले चाचा म्हणतात, हा हलवा करणंच चूक आहे, दीनमध्ये, आपल्या धर्मात, असं काही नाही. तू हात न थांबवता विचारतेस, ‘ते असं का म्हणतात, कोण सांगेल?’ मी हुशार होतो, किंवा मला तसं वाटायचं. मी म्हणतो, ‘फुफी, ते पण बरोबर, आपण पण बरोबर.’ मला वाटलं होतं तू शाबासकी देशील. तू वरवंटा बाजूला ठेवलास. ‘गाढवा,’ म्हणालीस, ‘तू त्यांचं ऐकलं आहेस का? नाही ना? मग ते बरोबर आहेत हे तुला कुणी सांगितलं? भांडण नको म्हणून बरोबर म्हणतोयस. ऊठ आणि जा.’

मी गेलो. बेकरीत चाचा पत्र्याचे ट्रे झटकत होते. मी घाबरत घाबरत म्हणालो, फुफीनं विचारलंय, तुम्हाला हलवा का आवडत नाही. ते इतके हसले की आतल्या कारागिरानं डोकं बाहेर काढलं. ‘क्यूँ भिया, हलवा किसे नहीं भाता? रोज खिला दे, रोज खाऊँगा. अपनी फुफी को बोल, हलवे से झगड़ा नहीं है. झगड़ा ये है कि लोग उसे दीन समझ लें, और जिस गरीब से न बने उसे शर्म आए. समझा?’ मी परत येऊन तुला सांगितलं. तू म्हणालीस, अर्धवट सांगतोस, गरिबाचं काय म्हणाले ते नीट सांग. पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्यासमोर त्यांचंच म्हणणं म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि टोस्टचा पुडा हातात दिला. ‘फुफी को देना. और बोलना, दूसरे दिन जो हलवा बचे वो इधर भेज दे. दूसरे दिन का जायज़ है.’ तू तो निरोप ऐकून पदर तोंडावर धरलास. हलवा त्या वर्षीही केलास, पुढच्या वर्षीही केलास. मत तू बदललं नाहीस, फक्त त्या वर्षापासून गल्लीतल्या ज्या घरात चूल थंड असायची तिथं आधी ताट जायचं आणि मग आम्हाला मिळायचं. मला वाटतं मी दीन म्हणून जे काही शिकलो त्यातलं बरंचसं त्या तीन खेपांमध्ये शिकलो.

आता इथलं सांगतो. आमच्या कमिटीचे अध्यक्ष, सदरसाहेब, पाइप-फिटिंगचं दुकान चालवतात, साठीचे आहेत, सज्जन माणूस आहे. त्यांचे धाकटे भाऊ परदेशात स्थायिक झाले. तिकडे आपल्या लोकांच्या शाळांमध्ये एक पुस्तक चालतं, संयमाचा इस्लाम मुलांना शिकवणारं. ते हिंदीत करवून त्यांनी इकडे पाठवलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, प्रश्न आणि खाली उत्तर. शेजाऱ्याचा धर्म वेगळा असेल तर आपण कसं वागावं? चार ओळी. आपला धर्म हिंसेबद्दल काय सांगतो? सहा ओळी. मुलांनी ते पाठ करायचं आणि डिसेंबरात पाहुण्यांसमोर मंचावर म्हणायचं. पुस्तकात खोटं काही नाही, फुफी. मी ते पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं, एक वाक्य असं सापडलं नाही की ज्याखाली मी सही करणार नाही. ते ज्या मुलांसाठी लिहिलं त्यांना त्याचा आधार असेलही. परक्या मुलखात, वर्गात एकटंच आपल्या नावाचं मूल असेल आणि सगळे त्याच्याकडे वळून बघत असतील, तर चार ओळी तोंडपाठ असलेल्या बऱ्या. म्हणून मी आधी नाही म्हटलं नाही. माझ्या रीतीचा मला उगीच अभिमान झाला असेल, हीही शंका होती. तेव्हा ठरवलं की पूर्ण मनानं हे पुस्तक शिकवून पाहायचं.

मुलं फार लवकर शिकली. आठवीतली एक मुलगी आहे, सदरसाहेबांची नात. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. ‘हम हर मज़हब और हर इंसान की इज़्ज़त करते हैं’ हे वाक्य ती असं म्हणते की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. बुधवारी तालीम संपली, मी तिला सर्वांसमोर शाबास म्हटलं, मुलं जिन्यानं खाली निघाली आणि मी फळा पुसत होतो. जिन्यातून तोच आवाज वर आला. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीला ती म्हणत होती, ‘तू तो रहने दे. तुम लोग क़ब्र पे मत्था टेकते हो, तुम काहे के मुसलमान?’ त्या मुलीच्या घरचे दर गुरुवारी दर्ग्यावर दिवा लावायला जातात. तिच्या चपलांचा आवाज भराभर खाली गेला. मी डस्टर हातात धरून उभा राहिलो. सगळ्या धर्मांची इज़्ज़त आम्ही पाठ करून घेतली होती आणि शेजारच्या बाकाबद्दल त्या पुस्तकात एक ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बंद ठेवलं. सदरसाहेबांच्या नातीला बाजूला घेऊन, न रागावता, म्हणालो, जिला तू काल बोललीस तिच्या नानीकडे जा. ती दिवा का लावते ते विचार आणि येऊन असं सांग की नानी मान डोलावेल. ती म्हणाली, ‘सर, पर हमारे घर में तो ये ग़लत मानते हैं.’ मी म्हटलं, मानतात ते मला माहीत आहे. ते तू नंतर सांग, तुला तासभर देईन. ती शाळा सुटल्यावर गेली. शुक्रवारी आली तेव्हा चेहरा पडलेला. वर्गात उभी राहून म्हणाली, ‘सर, नानी ने मुंडी नहीं हिलाई. बोली, तूने आधा सुना. मैं क़ब्र से नहीं माँगती, माँगती तो अल्लाह से हूँ. पर वहाँ क्यों जाती हूँ, ये देखे बिना नहीं समझेगी. अगली जुमेरात मेरे साथ चल, बाहर खड़ी रहना, फिर बोलना.’ मग पुढच्या गुरुवारचं तिनं मला विचारलं, ‘जाऊँ?’ आणि जिला तिनं टोमणा मारला होता ती, मान खाली घालून बसलेली मुलगी वर बघायला लागली. फुफी, त्या ‘जाऊँ’मध्ये मला जे ऐकू आलं ते सगळ्या तालमीत ऐकू आलं नव्हतं.

काल शनिवारी सदरसाहेबांनी कमिटी बसवली. चहा आला, तब्येतीची विचारपूस झाली, मग ते म्हणाले, ‘मास्टरसाब, बच्ची को उनके दरवाज़े भेजा आपने?’ मी हो म्हटलं. ‘और अब दरगाह भी भेजोगे?’ मी म्हटलं, तिची इच्छा आहे, तुमची परवानगी असेल तर. त्यांनी आवाज चढवला नाही, घरच्या श्रद्धेचं बोलले. ‘इज़्ज़त करना सिखाइए, मैं ख़ुद कहता हूँ. पर घर का अक़ीदा मत हिलाइए. वो तेरह साल की है.’ मग एकानं विचारलं की ही रीत कुठल्या किताबीत आहे, कुठल्या उस्तादाकडून घेतली. मी सरळ सांगितलं, माझ्या फुफीकडून, धारला, तिच्या स्वयंपाकघरात. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, ‘लो, रसोई का मदरसा!’ आणि सगळे हसले. सदरसाहेबही हसले, पण लगेच थांबले, ते मी पाहिलं. शेवटी ठरलं असं, की पुस्तक पुन्हा सुरू करायचं, मुलांना कुणाच्या घरी पाठवायचं बंद, आणि हे मला मान्य नसेल तर सोमवारी तसं सांगायचं, म्हणजे शेवटचा तास दुसऱ्या तरुण शिक्षकाला देता येईल. विज्ञान माझ्याकडेच राहील, असं त्यांनी दोनदा म्हटलं. नोकरी जाणार नाही, फक्त तो तास जाईल.

स्वयंपाकघरावर हसले ते मला लागलं, हे लपवत नाही. घरी येताना देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी गर्दी होती, मी स्कूटर ढकलत चालत होतो आणि मनात त्यांना उत्तरं देत होतो. एकाहून एक चांगली उत्तरं. मग एक दिवस आठवला. ज्या वर्षी वसंत पंचमी शुक्रवारी येते त्या वर्षी धारमध्ये काय होतं ते तुला सांगायला नको. एकाच जागी पूजा आणि त्याच जागी जुम्म्याची नमाज, सगळ्या चौकांत पोलीस, दुकानं अर्धी उघडी. अशाच एका वर्षी आम्ही तुझ्याकडे बसलेलो असताना दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. इतकी मुलं कशाला जमवली, काय शिकवता, असं त्यानं विचारलं. मला वाटलं तू चिडशील. तू त्याला आत बोलावून पाट दिलास, भाजी निवडत निवडत काय शिकवतेस ते त्याला सगळं सांगितलंस, आणि वर म्हणालीस, ‘बैठो थोड़ी देर, सुन लो, फिर जो लिखना है लिखो.’ तो पाच मिनिटं बसला, एका मुलाला नमाजेचे वक्त विचारले, पाणी प्याला आणि गेला. तो गेल्यावर मी म्हटलं, फुफी, तुला राग नाही आला? ‘आला की,’ तू म्हणालीस, ‘पण त्यानं विचारलं. विचारणाऱ्याला सांगावं. रागाचं मी नंतर बघते.’ आणि त्या दिवशी भेंडी तू इतकी बारीक चिरलीस की रात्री तिची भाजी झालीच नाही, नुसता चिकट गोळा झाला. आम्ही तो तसाच खाल्ला.

हे आठवलं आणि माझी ती चांगली चांगली उत्तरं गळून पडली. कारण काल मीटिंग संपल्यावर सदरसाहेब मला जिन्याखालपर्यंत सोडायला आले होते आणि एक गोष्ट बोलले होते, ती मी घरी येईपर्यंत मनात घेतलीच नव्हती. म्हणाले, ‘मास्टरसाब, आप समझते हो मैं डरता हूँ. मैं डरता नहीं, थक गया हूँ. दुकान पे, दफ़्तर में, बैंक में, कोई न कोई हँसते-हँसते पूछ लेता है, ऊपर क्या पढ़ाते हो बच्चों को. रोज़ सफ़ाई देता हूँ. ये किताब मेरी तरफ़ से सफ़ाई दे देगी. बस इतना चाहता हूँ.’ मी ‘जी’ म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.

आता मी स्वतःला विचारतो, की मला नक्की काय हवं आहे. त्या मुलीनं दर्ग्यावर जावं असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः कधी जात नाही, तूही जात नव्हतीस. तिचं मत बदलावं अशीही इच्छा नाही. तिच्या आजोबांना अधिकार आहे, तो मी नाकारत नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीला दोन घरांच्या मध्ये उभं करताना माझ्याकडून घाई झाली का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. कदाचित आधी त्यांना विचारायला हवं होतं. यापुढे विचारीन. पण शेवटचा तास मी सोडणार नाही. हे लिहिताना हात अडखळला नाही, म्हणजे ते ठरलेलं आहे. पुस्तक मंचावर म्हणायचं तर म्हणा, डिसेंबरातला कार्यक्रम मी स्वतः बसवून देईन, उच्चार तपासीन, सदरसाहेबांच्या वतीनं खुलासा, त्यांची ती सफ़ाई, होत असेल तर होऊ दे, थकलेल्या माणसाला तेवढा आधार द्यायला माझी हरकत नाही. मात्र मंच उतरून मूल जिन्यात आलं की त्याला जे लागतं ते त्या चार ओळींत नाही. समोरचा आपल्याहून वेगळा मुसलमान असला, किंवा मुसलमान नसला, तरी त्याचं पूर्ण ऐकून घेण्याचा कंटाळा न येणं, एवढंच मला त्या मुलांना द्यायचं आहे. ते घोकून येत नाही, त्यासाठी उठून कुणाच्या तरी दारात जावं लागतं आणि तिथून ‘आधा सुना’ असं ऐकून परत यावं लागतं. तास काढून घेतला तर मी भांडणार आहे. आधी कमिटीत, मग पालकांकडे एकेक करून, आणि तेही जमलं नाही तर माझ्याही घरी स्वयंपाकघर आहे.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यालो आणि परत येऊन वरचं सगळं वाचलं. वाचताना तू मागे उभी आहेस असं वाटलं आणि तुझा प्रश्नही ऐकू आला. सदरसाहेबांचं म्हणणं मी वर लिहिलं आहे. थकवा लिहिला, अक़ीदा लिहिला, नातीचं वय लिहिलं. पण ते इथं खुर्चीवर बसून हे वाचत असते तर त्यांनी मान डोलावली असती का? मला तसं वाटत नाही. नातीबद्दल ते नक्की कशाला भितात हे मी त्यांना विचारलेलंच नाही. रोज त्या ‘हँसते-हँसते’मध्ये काय असतं, कोण विचारतं, तेव्हा ते काय उत्तर देतात, हेही मला ठाऊक नाही. इतकी वर्षं मुलांना लोकांच्या दारी पाठवतो आहे आणि काल जिन्याखाली माणूस माझ्याशी बोलत होता तेव्हा मी किक मारली.

आणि एक गोष्ट जी डायरीतही लिहिली नसती. न विचारण्याचं कारण घाई नव्हतं. त्यांचं पूर्ण ऐकलं तर ते मला पटेल, याची मला भीती वाटते. बेकरीवाल्या चाचांकडे पाठवताना तुला कधी अशी भीती वाटली होती का, हे तुला विचारायचं राहून गेलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, घडी करून डायरीत ठेवतो.

उद्या: सदरसाहेबांचं दुकान उघडलं की जायचं, आधी त्यांचं म्हणणं त्यांना सांगायचं, त्यांची मान डोलेपर्यंत, मग माझं.